फाइल वर गेलीय

डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यात चपळ कोण? बिलाचा प्रिंटर. सिस्टरनं सलाईनची सुई काढून कापूस दाबेपर्यंत सतरा पानी बिल हजर. हातमोजे किती जोड, सिरिंजा किती, सगळं तारीखवार. त्याच काउंटरवर केसपेपरची झेरॉक्स मागून बघा.

काकांच्या वेळी मी मागितली. खिडकीतल्या बाईंनी आधी चष्म्यावरून पाहिलं. "कशाला? केस करणार का?" मग म्हणाल्या, "फाइल वर गेलीय." काका बरे होऊन खाली आले होते, फाइल तेवढी वर गेली!

वास्तविक भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची नियमावली स्वच्छ सांगते : रुग्णानं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं दाखल असतानाचे कागद मागितले, की अर्जाची पोच द्या आणि 72 तासांत कागद द्या. नकार दिलात तर ते गैरवर्तन. पण या नोंदी जपायच्या तीन वर्षं, आणि तीही उपचार सुरू झाल्या दिवसापासून. पाहुणा उंबऱ्यात असतानाच त्याच्या परतीच्या एसटीची वेळ विचारावी, तसं.

2016 साली याच नियमावलीत अक्षराचाही इलाज झाला. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य लिहा, शक्यतो कॅपिटलमध्ये. आपल्या नियमांत 'शक्यतो' इतका ठणठणीत शब्द दुसरा नाही.

मग 2 ऑगस्ट 2023 ला नवी नियमावली आली. जेनेरिकची सक्ती, औषध कंपन्यांच्या पैशातल्या परिषदांना बंदी. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि 23 ऑगस्टला ती स्थगित झाली. एकवीस दिवसांचा गणपती. वाजतगाजत आला, मुकाट बोळवला. तिच्यात आपल्या 72 तासांचे पाच दिवस झाले होते. तेही 'कामाचे'. विसर्जनानं रुग्णाचं झालं तर एवढंच भलं झालं.

काकांची फाइल नवव्या दिवशी 'वरून' उतरली. सहा दिवसांचा मुक्काम, रोजच्या तीन पाळ्या, अठरा नोंदी. सगळ्या एकाच निळ्या पेनानं, एकाच हातच्या, खाडाखोड एकही नाही. अक्षर अगदी सुवाच्य.

झेरॉक्सचे पैसे वेगळे. त्याची पावती मात्र तिथल्या तिथे छापून मिळाली.