पीआय सर

पीआय सरांना, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख संशोधकांना, शंका येत नाही. संशोधकाला शंका यायला हवी, असं ते एमएस्सीच्या पोरांना दरवर्षी सांगतात. पण ते पोरांसाठी. सरांकडे निष्कर्ष तयार असतो. प्रयोग व्हायचा असतो, एवढंच.

निधी देणाऱ्या समितीपुढे त्यांना पाहावं. वेळ दहा मिनिटांचा, विषय हळदीतल्या कर्क्युमिनचा. माशेलकरांच्या काळात सीएसआयआरनं हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 साली रद्द करवलं, हा प्रसंग सर असा रंगवतात, की वकिलाची बॅग त्यांनीच धरली होती. ‘‘तीन वर्षांत होईल?’’ कुणीतरी विचारतं. ‘‘अडीच,’’ सर हसून म्हणतात. हे अडीच कुठून आलं, ते शेजारी बसलेल्या को-पीआय मॅडमना आजतागायत उमगलेलं नाही.

मग जेआरएफ, म्हणजे प्रयोग करणारं पोर, नेमतात. दरमहा 37 हजार आणि घरभाडं. कधी जमा होतील, ते जाहिरातीत नसतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर पाऊण तास बोलतात आणि ‘‘आता तुम्ही मोकळेपणानं बोला’’ म्हणत घड्याळ बघतात.

‘‘सर, एचपीएलसी मशीनचा कॉलम चोक झालाय.’’

‘‘निगेटिव्ह बोलायचं नाही.’’

कॉलम हे ऐकूनही सुटत नाही. नवा येतो, तर उंदरांच्या रक्ताच्या आलेखात कर्क्युमिनचं टोकच दिसत नाही. कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, हे पोरानं आधी वाचलेलं असतं. सर स्क्रीनवर वाकतात. ‘‘स्केल बदल.’’ स्केल बदलल्यावर काहीतरी दिसतं. तसं ते कोऱ्या नमुन्यातही दिसतं.

वर्षभर अडलेला हप्ता फेब्रुवारीत येतो आणि 31 मार्चच्या आत खर्चायचा असतो. सर तत्काळ कामं वाटतात: ‘जेम’ या सरकारी पोर्टलवरची खरेदी पोराकडे, खर्चाचं प्रमाणपत्र म्हणजे यूसी मॅडमकडे, उद्घाटन स्वतःकडे. उणे ऐंशीचा फ्रीझर येतो, पण लॅबच्या दारातून जात नाही. दार कुणी मोजलेलं नसतं. सर त्याला व्हरांड्यातच ठेवतात, ‘मध्यवर्ती सुविधा’ अशी पाटी लावतात आणि कुलगुरूंच्या हस्ते फीत कापून घेतात.

हसणं सोपं आहे. त्याच विभागात सरांहून कितीतरी जास्त वाचलेले एक प्राध्यापक आहेत. ‘अजून थोडं बघतो’ म्हणता म्हणता त्यांची प्रस्तावाची तारीख दरवेळी टळते. त्यांचे विद्यार्थी शिकवण्या घेऊन पीएचडी करतात. सरांचं पोर निदान उशिरा का होईना, पगार घेतं.

ते पोर अखेर जे दिसलं तेच प्रबंधात लिहितं: कर्क्युमिन रक्तात जवळजवळ उतरत नाही. सर चार महिने त्या प्रकरणावर सही करत नाहीत. व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक नेमकं तेच प्रकरण उचलतात आणि मनापासून वाखाणतात. पहिल्या रांगेतले सर मान डोलावतात आणि शेजारच्या विभागप्रमुखांकडे झुकतात.

‘‘मी याला पहिल्या दिवसापासून सांगत होतो, रक्तात काही सापडणार नाही म्हणून.’’