काळ्या मातीचा पाहुणचार

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 साली आले. मोटारहोम उभ्या करायला खास पार्क हवेत, असे त्यात म्हटले आहे. अंबड तालुक्याने हा खर्च केव्हाच वाचवला. अंतरवाली सराटीच्या शिवारात पावसाळ्यात गाडी डांबरीवरून जरा खाली उतरवा. पाणी पिऊन फुगलेली काळी माती पार्किंग स्वतःच करून घेते. शुल्क नाही, मुदत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा मुक्काम पक्का होतो: चिखल टायरच्या नक्षीत भरतो, चाक जागच्या जागी गरगरते आणि एक्सल जमिनीला टेकतो.

अरसिक लोक टायरची हवा कमी करतात, चाकापुढचा गाळ उकरतात, पऱ्हाट्या नि पोती अंथरतात. एवढी घाई कशाला?

मराठा आरक्षणासाठीच्या 2023 च्या उपोषणापासून या गावाने पुढाऱ्यांची रीघ पाहिली, अन् प्रत्येकाची परतीची लगबगही. म्हणून शासनास नम्र सूचना: यापुढे हेलिकॉप्टर नको. मंत्रिमहोदयांना मोटारहोमनेच पाठवावे, तेही ऐन भाद्रपदात. शिष्टाई निवांत होईल, आश्वासनाची शाई वाळेपर्यंत गाडी हलणार नाही.

ट्रॅक्टर गावकऱ्यांकडेच आहेत.