पांढऱ्यावर पांढरे

संकेतस्थळ गूगलवर वर आणायचं तर पूर्वी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत ‘स्वस्त, स्वस्त, स्वस्त’ लिहून ठेवत. गिऱ्हाइकाला दिसत नसे, यंत्राला दिसे. २००६ साली बीएमडब्ल्यूच्या जर्मन संकेतस्थळावर असाच प्रकार सापडला: यंत्रासाठी एक पान, माणसांसाठी दुसरं, पहिल्यात ‘जुनी गाडी’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचा अखंड नामजप. गूगलनं त्यांना यादीतूनच काढलं. एवढ्या महागड्या गाड्या विकणाऱ्यांनाही जपमाळ ओढावी लागावी! (ती पानं हटवली आणि थोड्याच दिवसांत परतले म्हणा. थोरामोठ्यांचा वनवास चौदा वर्षांचा नसतो.)

२०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीच्या नियमांत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकाही अंगाशी येऊ लागल्या. आता उरला सरळ मार्ग: पान झटकन उघडावं, मथळ्यात असेल तेच आत असावं, आणि लिहिणाऱ्याला विषय ठाऊक असावा.

हा सरळ मार्ग ऐकून मिठाईवाले स्नेही हबकले.

“म्हणजे पुरणपोळीच्या पानावर खरंच पुरणपोळीबद्दल लिहायचं?”

“हो.”

“त्यापेक्षा स्वस्तातलं काही नाही का?”