चित्रकलेचा तास परत द्या

सहामाही झाली की नववी-दहावीचा चित्रकलेचा तास हळूच गणिताच्या नावावर होतो. पोर्शन संपवायचा असतो, कुणाचा तरी तास घ्यायचाच, मग चित्रकलेचे सर ‘घ्या’ म्हणतात. ते त्या वेळी फलकावर पाहुण्यांचं स्वागत लिहीत असतात. प्रमाणपत्रांवरची नावं, गॅदरिंगचा पडदा, दारातली रांगोळी, सगळं त्यांच्याच गळ्यात. शिकवण्यासाठी नेमलेल्या माणसाला शिकवायलाच वेळ देत नाहीत, याचा मला संताप येतो.

पण नववी-दहावीला निदान सर तरी असतात. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट काढून बघा. २००९ च्या या कायद्यात कलाशिक्षणासाठी निदेशक आहे, पण अंशकालीन, फक्त सहावी ते आठवीला, आणि तोही पट १०० च्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला कलाशिक्षकाची तरतूदच नाही. साठ पोरांच्या वस्तीवरच्या शाळेने काय करायचं?

खरी गरज तर तिथेच आहे. पहिलीतलं पोर माणूस काढतं तेव्हा हात थेट डोक्यातून फुटतात. तेव्हा त्याला दुरुस्त करू नये. पण पुढे कधीतरी ‘हात वर कर, खाली कर, कुठून हलतो बघ’ असं सांगणारं कुणी लागतं. ते नसलं की वहीत दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड येतं, आणि सातवीपर्यंत तेच चित्र चालतं. विदर्भातलं पोरसुद्धा नारळच काढतं, खिडकीबाहेर पळस फुललेला असताना.

मग एकदम एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षा चांगल्या आहेत, त्या राहायलाच हव्यात. स्थिरचित्राला समोर तांब्या ठेवलेला असतो. त्याचं तोंड गोल आहे हे डोक्याला माहीत असतं, डोळ्याला मात्र ते लंबगोल दिसतं; डोळ्याच्या पातळीवर नुसती रेघ, आणि तांब्या जसजसा खाली ठेवावा तसतसं ते उघडत जातं. माहीत असलेलं बाजूला सारून दिसतंय ते काढणं, याला वर्षं लागतात. शाळा दोन महिन्यांत उरकतात, कारण इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढतात, ब ला ५, क ला ३. मग स्मरणचित्राला पाठ केलेला बाजार आणि पाठ केलेला बसस्टॉप. स्मरणचित्र पाठ करायचं! गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि बाकीचे विषय यांत भिंत नको असं लिहिलंय. छान आहे. पण वेळापत्रक धोरण वाचून लागत नाही, शिक्षक किती आहेत ते बघून लागतं. आधी पदं भरा, प्राथमिकलाही भरा.

तोवर पालकांनी एक करावं. पुढच्या पालकसभेत मार्क बघून झाले की चित्रकलेची वही मागा. दिवाळीनंतरची पानं कोरी असली तर ते तास कुणी घेतले, हे मुख्याध्यापकांना विचारा. आणि पहिली-दुसरीच्या पालकांनी विचारावं, आमच्या मुलांना चित्रकला शिकवतं कोण?