बार्बाडोसची मेंढी ओळखा: नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

साहित्य: बार्बाडोस बेटाचे तिकीट, उन्हाची टोपी आणि चार लोकांत हसे करून घ्यायची तयारी.

पायरी 1. पाटी पुसा. मेंढी म्हटले की आपल्याला धनगरवाडा आणि खांद्यावरचे घोंगडे आठवते. बार्बाडोस ब्लॅकबेलीच्या अंगावर मात्र आखूड केस असतात. थंड मुलुखात नेली तर हिवाळ्यात थोडी लव धरते, पण उन्हाळ्याच्या तोंडाला ती आपसूक गळते. कातर घरीच ठेवा.

पायरी 2. रंग बघा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट तव्याच्या बुडासारखे काळे, तोंडावर काजळाच्या दोन रेघा. एवढे पाहून तुम्ही म्हणाल, "ही तर शेळी!" हरकत नाही, सगळेच म्हणतात.

पायरी 3. शिंगे शोधू नका. अस्सल जातीत मेंढी भुंडी आणि मेंढाही भुंडाच. झोकदार शिंगे दिसली, तर ती अमेरिकेतली भावकी. टेक्सासमध्ये रानटी मूफ्लॉन आणि रॅम्बुले मेंढ्यांशी संकर झाला, त्यातून ही शिंगे आली. अस्सल मेंढा शिंगांची हौस गळ्यापासून छातीपर्यंतच्या आयाळीवर भागवतो.

पायरी 4. शेपूट बघा. शेळीची वर, मेंढीची खाली. सारी विद्या एवढीच. फक्त शेळी आजारी किंवा घाबरलेली असली, तर तीही शेपूट पाडते. आणि जवळ जाऊन बघायचे मनात आणू नका: ही जात बुजरी आहे, तुम्ही दोन पावले टाकेपर्यंत कळप कुंपणापलीकडे असेल.

पायरी 5. मोजणी करा, पण रोज. मेंढी कोणत्याही ऋतूत गाभण राहते, जुळी नेहमीची, तिळीही होतात. उकाडा सोसते, पोटातल्या जंतांनाही इतर जातींपेक्षा कमी बधते. कालचा आकडा आज चालत नाही.

तरीही चुकलात? लाजू नका. रिचर्ड लिगन हा इंग्रज 1647 मध्ये या बेटावर आला. 1657 साली छापलेल्या पुस्तकात त्याने गिनीहून आणलेल्या केसाळ मेंढ्यांची नोंद केली: दिसायला शेळीच, पण मांसाची चव पक्की मेंढीची. म्हणजे शेवटची परीक्षा ताटात. ती मराठी माणसाने मात्र देऊ नये. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचेच. आपण शेपूटच बघावे.