नेमलेली कादंबरी

कादंबरी हा ग्रंथप्रकार व्यसनात मोडतो की विद्येत, या प्रश्नाचा निकाल पंडितांनी काहीही लावलेला असो, आमच्या कोडोलीत तो अगदी साध्या दाखल्यावर लागत असे: पुस्तक शाळेने नेमलेले असले की ती विद्या, आणि नसले की तो नाद. पहिल्या प्रकारचे पुस्तक हाती धरून ओसरीवर बसलेल्या मुलाला वैरण आणायला, मोटेवर जायला किंवा गुऱ्हाळावर चिपाडे गोळा करायला कोणी हाक मारीत नसे; दुसऱ्या प्रकारचे पुस्तक त्याच मुलाच्या हाती दिसले, तर त्या दिवसाची घरातील यच्चयावत कामे एकट्या त्याच्याच नावे जमा होत.

आमच्या आजोबांना घरात सगळे आबा म्हणत. त्यांचे औपचारिक शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे. पण सात-बाराचा उतारा, फेरफाराची नोटीस, सोसायटीच्या कर्जाचा तगादा आणि चातुर्मासात वाचावयाची पोथी, हे चार वाङ्मयप्रकार त्यांना पूर्णपणे अवगत होते, आणि पाचव्याची आवश्यकता त्यांना हयातीत कधी भासली नव्हती. संध्याकाळी शेतावरून परतताना ते माझ्यापुढे थबकत.

"काय वाचायलास रं?"

"कादंबरी, आबा."

"परीक्षंला हाय?"

"हाय की."

"मग वाच. म्हशींचं मी बघतो."

एवढ्या संक्षिप्त चौकशीनंतर साहित्यकृतीचे मूल्यमापन पुरे होई. पुढे मोठमोठ्या समीक्षकांचे ग्रंथ चाळण्याचा प्रसंग आला, तेव्हा रूप, आशय, अनुभूती, अलिप्तता इत्यादी पुष्कळ निकष नजरेखालून गेले. परंतु ज्याच्या योगाने दोन म्हशींची धार वाचकाच्या अंगावरून टळते, असा परिणामकारक निकष मला त्यांत एकही आढळला नाही.

अर्थात आबांना दोष देण्याचे कारण नाही, कारण मराठी कादंबरीचा जन्मच मुळी छडी हातात घेऊन झालेला आहे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे प्रवासाला निघतात ती हवापालटासाठी नव्हे, तर ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहून त्यांवर उद्बोधक संभाषण करण्यासाठी. ज्या वाङ्मयप्रकाराने पाळण्यातच उपदेशाला आरंभ केला, तो पुढे शाळेत भरती झाला यात अघटित असे काही नाही. आमच्या जिल्ह्याची उत्सुकता मात्र याहून जुनी म्हटली पाहिजे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. म्हणजे कादंबरी अस्तित्वात येण्यापूर्वी सात वर्षे तिच्यासाठी कपाट तयार ठेवण्याचा दूरदर्शीपणा आम्ही करवीरकरांनी दाखविला होता.

शाळेत आमच्या वाट्याला प्रथम आले ते हरिभाऊ आपटे, आणि तेही संक्षिप्त रूपात. हरिभाऊंची लेखणी विस्ताराबद्दल विख्यात असल्यामुळे शाळेच्या उपयोगासाठी त्यांची काटछाट करणाऱ्या संपादकाने निसर्गवर्णने, प्रणयप्रसंग आणि लेखकाने वाचकाशी केलेल्या हितगुजाच्या गोष्टी अशा सर्व वाचनीय जागा निर्दयपणे काढून टाकल्या होत्या, व जे शिल्लक राहिले त्याच्याखाली कठीण शब्दांचे अर्थ दिले होते. १९०३ सालच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीबद्दल तर आमच्या वर्गात कृतज्ञतेची भावना होती, कारण तिच्या लेखकाने सबंध कथानक शीर्षकातच सांगून टाकून गरजू विद्यार्थ्यांची सोय पाहिली होती. "कथानक थोडक्यात लिहा" या प्रश्नाला आमच्या एका वर्गबंधूने शीर्षकच पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरांत उतरवून दिले, आणि त्याबद्दल त्याला शून्य गुण मिळाले, हा मला अजूनही अन्याय वाटतो.

पण वर्गात ही कादंबरी वाचली जात असताना जो गोंधळ होई, त्याचे कारण खिडकीबाहेर होते. पन्हाळा आमच्या उशाशी. ज्या मुलांचे बालपण डोंगरउतारावर जळण आणि गवत गोळा करण्यात गेले, त्यांच्यापुढे कडा चढून जाण्याचे वर्णन वाचणे हे सर्वस्वी धोक्याचे काम होते. गुरुजी सद्गदित होऊन मावळ्यांना कड्यावर चढवीत असतानाच मागच्या बाकावरून पृच्छा होई की दव पडले होते काय, गवत कापणीला आले होते की नुसतेच वाढले होते, आणि पायांत काय होते? माघातल्या अंधाऱ्या रात्री वाळल्या गवतावरून पाय घसरतो, हा युक्तिवाद इतक्या अधिकाराने मांडला जाई, की १६७० साली या मंडळींचा सल्ला घेतला असता तर कोंढाणा घेण्याचा बेत कदाचित रहित झाला असता.

त्यानंतर 'श्यामची आई'. ही कादंबरी आहे की आठवणी, हा वाद जाणत्यांनी खुशाल घालावा. आमच्या घरांतून तिचा उपयोग फौजदारी कायद्याप्रमाणे होत असल्यामुळे वाङ्मयप्रकाराची निश्चिती करण्यास आम्हांला उसंत मिळाली नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहावयास घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळे केले. अवघ्या पाच दिवसांत लिहून झालेले हे पुस्तक आमच्या वर्गाला वाचावयास पुरे वर्ष लागले, यावरून कारागृहातील शिस्त आणि शाळेतील शिस्त यांत उजवी कोणती, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा. पुस्तकाच्या वाचनाने आमचे डोळे पाणावत हे खरे. परंतु घरी गेल्यावर तेच पुस्तक पालकांच्या हाती शस्त्र होऊन आमच्यावरच चालून येई. "श्याम बघ कसा!" या तीन शब्दांनी वारणेच्या काठावर जेवढी मुले दुखावली गेली, तेवढी पुरातही बुडाली नसतील.

आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, म्हणून मीच तिला चुलीपुढे बसून काही प्रकरणे वाचून दाखविली. अंघोळ झाल्यावर पायांना घाण लागू नये म्हणून आपल्या ओल्या चिरगुटावर पाय ठेवू देणाऱ्या आईचा तो प्रसंग तिने पदर डोळ्यांना लावून ऐकला, आणि भाकरी उलटवीत विचारले, "पोरगं गुणाचं हाय, पर वैरण कवा आणतंय ह्ये?" या आक्षेपाला उत्तर देण्याची तरतूद आमच्या मार्गदर्शिकेत नव्हती.

मार्गदर्शिका हा शब्द आलाच आहे, तर परीक्षेकडेही वळले पाहिजे. नेमलेली कादंबरी वाचक वाचीत नाही, उमेदवार वाचतो; आणि उमेदवार हा प्राणी वाचकाहून सर्वस्वी निराळा आहे. वाचक पुढे काय होते म्हणून पान उलटतो, तर उमेदवार पुढे काय विचारतील म्हणून मागचे पान उलटतो. विचारावयाचे प्रश्न तर जवळजवळ वतनी होते. स्वभावचित्र रेखाटा, संदर्भासह स्पष्टीकरण द्या, थोडक्यात टिपा लिहा आणि शीर्षकाची समर्पकता पटवून द्या. यांतल्या शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मन आजही साशंक आहे. शीर्षक समर्पकच असते हे त्यात आगाऊ मंजूर करून घेतलेले असे. ते मुळीच समर्पक नाही असे सिद्ध करणाऱ्यास किती गुण द्यावेत, याविषयीचा हुकूम कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही.

स्वभावचित्राची तर आम्ही एक कायम व्यवस्था लावून टाकली होती. शूर, स्वाभिमानी, मातृभक्त आणि कर्तव्यदक्ष ही चार विशेषणे आमच्याजवळ शिलकीत असत, आणि नायक कोणीही असो, त्याला ती आळीपाळीने बहाल केली जात. तानाजीला ती शोभून दिसत. श्यामला शूर म्हणणे किंचित जड जाई. तेथे मातृभक्त हे विशेषण दोनदा वापरून भरपाई करता येई. कोवाडच्या रणजित देसायांनी 'स्वामी'तून थोरले माधवराव आमच्या भेटीला आणले, तेव्हाही या चार विशेषणांनी दगा दिला नाही. पुढे कॉलेजात 'ययाति' समोर येऊन उभा राहिला, आणि आमची ही सर्व इस्टेट एका दिवसात जप्त झाली.

वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ सालची. तिने आधी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळविले आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत प्रथमच आणला, तोही कोल्हापुरात, याचा अभिमान आम्हांला आहेच. प्रश्न निराळा आहे. ज्या मुलांना लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी वाढून घेण्याचे धैर्य होत नाही, त्यांना "ययातीच्या अतृप्त भोगलालसेचे सोदाहरण विवेचन करा" असा हुकूम सोडणे कितपत न्याय्य आहे? उदाहरणे आणावयाची कोठून? आमचे अध्यापक स्वभावाने अत्यंत भिडस्त होते. मुली पुढच्या बाकांवर बसत असल्यामुळे ते निम्मी कादंबरी "हा भाग घरी वाचून या" एवढ्या एका वाक्यात शिकवीत. परिणामी जो भाग वर्गात शिकविला गेला नाही, तेवढाच सर्वांनी मनापासून वाचला, आणि शिकविण्याची याहून यशस्वी पद्धती मी पुढेही पाहिली नाही.

कादंबरीचा जो गाभा, तो पुत्राचे तारुण्य मागून घेणाऱ्या पित्याचा प्रसंग. परंतु यात हादरून जाण्यासारखे काय आहे, हे आमच्या वर्गातील बहुसंख्य मुलांना उमगेना. सुगीच्या आणि ऊसतोडणीच्या दिवसांत हाच व्यवहार आमच्या घराघरांतून राजरोस चालू होता, आणि बापाच्या वाट्याचे काम पुढ्यात आल्यावर पुरूइतक्या वक्तृत्वाने संमती देण्याची सवड आमच्यापैकी कोणालाही मिळत नसे. संयमी कच तेवढा सर्वांना प्रिय होता. का, तर चारांपैकी निदान दोन विशेषणे त्याला लागू पडत.

आमच्या गुरुजनांपुरते बोलायचे तर त्यांना कादंबरीपेक्षा कादंबरीकाराच्या गावाची आस्था अधिक. 'मृत्युंजय' म्हटले की ते आजऱ्याचे शिवाजी सावंत, आणि तेही कोल्हापुरात शिक्षक होते, एवढे सांगून कर्ण बाजूला राही. खांडेकर शिरोड्याला शिक्षक, साने गुरुजी अंमळनेरला शिक्षक. लिहिणारे मास्तर, शिकविणारे मास्तर आणि तपासणारेही मास्तर, अशा या बंदोबस्तातून विद्यार्थ्याने निसटावे तरी कसे? एकदा एका अध्यापकांनी भर वर्गात जाहीर केले की 'टारफुला'चे लेखक शंकर पाटील हे कोडोलीचे. त्या दिवशी आमची छाती जी फुगली, ती आठवडाभर खाली बसेना. गावातील समस्त पाटील मंडळींकडे आम्ही नव्या आदराने पाहू लागलो. पुढे हातकणंगले तालुक्याकडच्या एका मुलाने खुलासा केला की ती कोडोली म्हणजे बिरदेवाच्या यात्रेची पट्टणकोडोली, आमची नव्हे. तेव्हापासून 'टारफुला'तील उणिवा आमच्या लक्षात येऊ लागल्या.

आणि गंमत अशी की जी कादंबरी खरोखर आमच्या शिवारातली, ती कोणी नेमलीच नव्हती. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' आमच्याकडे शाळेच्या वाटेने आली नाही. ती आली एका एस. टी. कंडक्टरच्या पिशवीतून, मुखपृष्ठ गळालेली, पहिली काही पाने हरवलेली आणि मधल्या एका पानावर तंबाखूचा डाग पडलेली. अण्णाभाऊ नदीपलीकडच्या वाळवे तालुक्यातील वाटेगावचे. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेला माणूस असे त्यांच्याविषयी सांगतात. शाळेला तेवढ्या अवधीत त्यांचे काही बिघडविता आले नसावे. जोगणीसाठी राणोजी ज्या शिगावात शिरतो, ते शिगाव आम्हांला बाजाराच्या दिवसामुळे ठाऊक होते. त्यामुळे घोड्याच्या टापांचा आवाज कोणत्या पाणंदीतून आला असेल, यावर रात्री पारावर खडाजंगी होई. स्वभावचित्राला कोणी हात घातला नाही. उपाशी माणसांसाठी धान्याची कोठारे आणि सरकारी खजिना लुटणाऱ्या माणसाला कर्तव्यदक्ष म्हणावे की न म्हणावे, याची चिंता करण्यास परीक्षक जवळ नव्हता. पुस्तक एका रात्रीपुरतेच प्रत्येकाच्या हाती येई, व सकाळी ते पुढच्याच्या स्वाधीन करावे लागे. आबांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच. परीक्षेला नाही असे खरे सांगितल्यामुळे दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजण्याची पाळी माझ्यावर आली, आणि बांधावर बसून मी उरलेली पाने वाचली; दोन सऱ्या फुटून पाणी शेजारच्या रानात गेले, त्याची भरपाई मात्र वाङ्मयाच्या खाती पडली नाही.

नेमल्याने कादंबरीचे जे नुकसान होते ते होतेच; परंतु न नेमल्याने आमच्यासारख्या घरांत ती उंबऱ्याच्या आत येत नाही, ही गोष्ट शहरातील समीक्षकांच्या ध्यानात राहत नाही. सबब अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मेहेरबान मंडळींच्या खिदमतीत वारणाकाठच्या माजी उमेदवारांच्या वतीने अर्ज करण्यात येतो की, दरसाल एक कादंबरी अवश्य नेमावी, ती चारशे पानांच्या आत नसावी, तिची काटछाट करू नये, आणि वाचनाची मुदत ऐन ऊसतोडणीच्या हंगामात येईल अशी तजवीज व्हावी. प्रश्नपत्रिकेत तिच्यावर एकही प्रश्न घालू नये. मात्र या शेवटच्या कलमाची बातमी कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्यांच्या घरी कळू देऊ नये, ही नम्र विनंती.