कनेक्टर सर

नगरमध्ये 'सर' व्हायला शाळा लागत नाही. एमएस-सीआयटीचे क्लास गल्लोगल्ली निघाले, त्या काळात ज्याने कुणी चार पोरांना माउस कसा धरायचा ते दाखवलं, तो कायमचा सर झाला. कनेक्टर सर त्यांतलेच. सावेडीत एका बेकरीच्या माडीवर त्यांचा क्लास होता. पुढे त्यात टॅली आली. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि जी टॅली पोरं नोकरीसाठी शिकत होती, ती त्यांच्या बापांना दुकानासाठी लागायला लागली. सरांनी क्लासला कुलूप लावलं आणि स्प्लेंडरला किक मारली. आज त्यांच्या कार्डावर 'क्लाउड वर्कफ्लो ऑटोमेशन' असं छापलेलं आहे. त्याखाली बारीक अक्षरात, 'सीसीटीव्ही व इन्व्हर्टरची कामेही केली जातील'. वरच्या ओळीने मान मिळतो, खालच्या ओळीने काम.

हे कुणी एक गृहस्थ नव्हेत, हे आधीच सांगून टाकतो. कोपरगावला साखरेतले सर आहेत, संगमनेरला दुधातले, नेप्तीच्या उपबाजारात कांद्यातले. मी चार-पाच सर एकाच चौकड्याच्या शर्टात कोंबले आहेत. शर्टाच्या खिशात दोन पेन, त्यातला एक पेनड्राइव्ह. पाठीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेत क्रिम्पिंगची पकड, टेस्टर, तीन पिनांचं एक सॉकेट, इन्सुलेशन टेप आणि जागा उरलीच तर लॅपटॉप.

सरांच्या जगात कुठलीही गोष्ट मोठी नसते. "एक छोटासा ट्रिगर लावू. तो एक छोटासा फ्लो चालवील. मधे फक्त छोटासा कनेक्टर." या सगळ्या छोट्या छोट्या गोष्टींचं काम दसऱ्याला सुरू होतं आणि संक्रांतीला तिळगूळ देताना शेठ विचारतात, "सर, ते आपलं छोटंसं कुठवर आलं?"

शेठची मागणी मात्र सगळीकडे सारखी असते. दाळमंडईत असोत नाहीतर आडते बाजारात, ते दोनच वाक्यं बोलतात. पहिलं, "सर, आपला डेटा दुकानाबाहेर जाता कामा नये." दुसरं, "आणि मी लग्नाला पुण्यात असलो तरी मला तो मोबाइलवर दिसला पाहिजे." या दोन वाक्यांच्या मधे जी जागा उरते, तिच्यात सरांचा संसार चालतो.

आता ते ती जागा कशी भरतात ते बघण्यासारखं आहे. डेटा असतो काउंटरखालच्या एका कॉम्प्युटरवर. त्याला सगळे 'सर्व्हर' म्हणतात, कारण त्याच्यावर कव्हर आहे. टॅली आपल्या पोर्ट ९००० वर एक्सएमएलमध्ये बोलते. सरांची स्क्रिप्ट तिला दर तासाला विचारून आकडे काढून घेते आणि शेजारीच बसवलेल्या फुकटच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसमध्ये ठेवते. मेसेज पाठवणारा, मेल करणारा, आलेख काढणारा फ्लो मात्र राहतो क्लाउडमध्ये. एकदा शेठनी विचारलं, "हा क्लाउड म्हणजे नक्की कुठं?" सरांनी खरं ते सांगितलं. मायक्रोसॉफ्टने 'सेंट्रल इंडिया' नाव दिलेलं डेटा सेंटर २०१५ पासून पुण्यातच आहे. शेठचा चेहरा उतरला. "पुण्यात? मग त्याला ढग कशाला म्हणायचं? वाकडेवाडीला उतरलं की जवळ पडतं का?"

सर पूर्वी सोपा मार्ग घ्यायचे. राउटरमध्ये एक पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडून द्यायचा, की झालं. या प्रकाराला त्यांनी स्वतःच नाव ठेवलं आहे, 'शिंगणापूर'. नेवासा तालुक्यातल्या शनी शिंगणापुरात परंपरेने घरांना दारं नसतात. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तेव्हा बिनकुलपाची बँक म्हणून देशभर बातम्या झाल्या. "पण तिथं शनिमहाराज बसलेत," सर म्हणतात. "आपल्या राउटरवर कोण बसलंय?" शिवाय हल्ली बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांकडे एकच सार्वजनिक पत्ता शे-दोनशे गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, त्यामुळे शिंगणापूर व्हायचं म्हटलं तरी होता येत नाही.

म्हणून आता गेटवे. सरांचा सगळ्यात आवडता प्राणी. गेटवे बाहेरून कुणाला आत घेत नाही. तो आतूनच बाहेर फोन लावतो आणि लाइन धरून बसून राहतो. क्लाउडमधल्या फ्लोला काही हवं असलं की तो मागणी रांगेत टाकतो. गेटवे ती उचलतो, दुकानातल्या डेटाबेसला विचारतो आणि उत्तर त्याच वाटेने पाठवून देतो. राउटरला एकही भोक पाडावं लागत नाही. ही कल्पना खरोखर सुरेख आहे. सर ती समजावून सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजात जुना क्लास परत येतो; समोर शेठ, दोन हमाल आणि उधारी मागायला आलेला एक टेम्पोवाला असे तिघे-चौघे विद्यार्थी मन लावून ऐकत असतात. शेवटी शेठ विचारतात, "याला किती?"

इथे गाडी अडते. कारण मायक्रोसॉफ्टकडे एसक्यूएलचा कनेक्टर 'प्रीमियम' वर्गात मोडतो, म्हणजे माणशी दरमहा पैसे. "साधा नाही का?" शेठ विचारतात. "आम्ही कुठं प्रीमियम आहोत?" मग सर एन-एट-एन काढतात. २०१९ च्या सुमारास बर्लिनमध्ये जन्मलेलं हे साधन स्वतःच्या मशीनवर चालवलं तर फुकट. स्वतःचं मशीन म्हणजे तेच, काउंटरखालचं. याप्रमाणे जे काम क्लाउडमध्ये जायला निघालं होतं, ते भाडं परवडेना म्हणून दुकानातच राहिलं. शेठ खूश, डेटा दुकानात, फ्लो दुकानात. फक्त आता पुण्यातून मोबाइलवर कसं दिसणार, म्हणून सरांनी आतून बाहेर, इंटरनेटवरच्या एका पत्त्यापर्यंत, एक टनेल काढलं. फुकटातल्या टनेलचा पत्ता त्या वेळी दर रीस्टार्टला बदलायचा. लाइट गेली की शेठचा पत्ता बदलला. लाइट किती वेळा जाते हे नगरकरांना सांगायला नको.

गेटवेने असो नाहीतर टनेलने, एकदा जोडणी झाली की खरी मजा सुरू होते. इतकी वर्षं दुकानाच्या चार भिंतींत जे चाललं होतं ते एकदम गावाला दिसायला लागतं.

पहिला फ्लो वसुलीचा. ज्यांच्याकडे येणं आहे त्यांना नम्र स्मरणपत्र. टॅली एक्सएमएलमधून देताना नावेची रक्कम उणे चिन्ह लावून देते, हे सरांना माहीत होतं. त्या दिवशी घाईत राहून गेलं. सगळ्या थकबाकीदारांना मेसेज गेला की, आपली एवढी रक्कम आमच्याकडे जमा आहे. एरवी फोन न उचलणारी माणसं अर्ध्या तासात दुकानात हजर. एकाने तर पिशवी आणली होती.

दुसरा फ्लो आडतीचा. लिलाव झाला की शेतकऱ्याला कांद्याची पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर जायची: वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. वेळ लावली रात्री नऊची. पण क्लाउडचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं आणि तिथले नऊ म्हणजे आपले रात्रीचे अडीच. सरांना वाटलं, सकाळी शिव्या पडणार. पडल्या नाहीत. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. दारं धरायला गेलेली माणसं वाफ्याच्या कडेला बसून पट्टी वाचत होती आणि अडीच वाजून पाच मिनिटांनी पहिला प्रश्नही आला, "हमाली जास्त कशी लावली?"

तक्रार एकच होती, नावांची. आडत्याचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या आधीच्या फाँटवर चालायचं. कृतीदेवमध्ये टाइप केलेला राम त्या फाँटबाहेर काढला की इंग्रजीत 'जे के ई' होतो. एका रात्रीत पंचक्रोशीतले सगळे राम, तुकाराम आणि सखाराम 'जे के ई'च्या शेपटीचे झाले. आडत्याने सरांना बोलावून एवढंच विचारलं, "माल आपल्याच माणसांचा आहे ना?"

आणि तिसरा घोळ सरकारी. २०२४ साली अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. काही गिऱ्हाइकांचे पत्ते बदलले, काहींचे तसेच राहिले. महिनाअखेरच्या अहवालात जिल्हावार विक्रीचा आलेख आला, त्यात अहमदनगर एक खांब आणि अहिल्यानगर दुसरा खांब. अहमदनगरचा खांब खचलेला पाहून शेठ काळजीत पडले आणि अहिल्यानगरचा वाढलेला पाहून म्हणाले, "हा नवीन एरिया कोणी डेव्हलप केला? त्याला काहीतरी दिलं पाहिजे." सरांनी ते घेतलं, असं काही लोक म्हणतात.

सरांची खरी परीक्षा मात्र यंत्रात नसून अंतरात असते. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा हा जिल्हा, तालुके १४. अकोल्याचा भातवाला आणि जामखेडचा कापडवाला एकाच दिवशी अडला तर स्प्लेंडरने काय होणार? म्हणून सरांचा खरा देव एनीडेस्क, घरबसल्या दुसऱ्याचा कॉम्प्युटर हाताळू देणारा. "नंबर सांगा." पलीकडून नऊ आकडे येतात, त्यातले दोन चुकतात. "आता अ‍ॅक्सेप्ट दाबा. नाही, ते नाही. हिरवं. काका, हिरवं." सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत सर हिरवं दाबायला सांगत असतात. घरी सौभाग्यवतींनी भाजी कोणती करू विचारलं तरी तोंडातून आधी तेच येतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि आडत्यांनी सगळी ऑटोमेशन 'पुढच्या महिन्यात बघू' या खात्यावर टाकली. तेवढे महिने सरांनी सीसीटीव्हीवर काढले. कार्डावरची खालची ओळ उगीच नाही.

आता या सगळ्या उभारणीच्या समोर जे उभे आहेत, त्यांच्याबद्दल. दिवाणजी.

दिवाणजी दुकानात शेठच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. लाल चोपडीतून टॅलीत आले ते कुरकुर न करता आले; व्हाउचर ते कीबोर्डकडे न बघता मारतात. लक्ष्मीपूजनाला चोपडीबरोबर सर्व्हरचीही पूजा करतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. ती माळ नेमकी पंख्याच्या जाळीवर येते आणि पाडव्याला सर्व्हर तापून बंद पडतो, पण त्यात भक्तीचा दोष नाही. गेटवे बसवताना जी रिकव्हरी की द्यावी लागते, ती हरवली तर गेटवे दुसऱ्या मशीनवर हलवता येत नाही. सरांनी ती दिवाणजींना जपून ठेवायला दिली. दिवाणजींनी ती कालनिर्णयवर लिहिली, ऑगस्टच्या पानावर, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. जानेवारीत कालनिर्णय रद्दीत गेलं. दुधाचा हिशोब त्यांनी आधी उतरवून घेतला होता.

पण मुख्य भांडण बटणाचं. रात्री साडेआठला दुकान वाढवताना दिवाणजी सगळी बटणं बंद करतात. पंखा, ट्यूब, सर्व्हर. सरांनी बटणावर चिठ्ठी चिकटवली, 'बंद करू नये'. दिवाणजींनी मेनस्विच पाडला; त्यावर चिठ्ठी नव्हती. सरांनी यूपीएस आणला. तो अंधारात टीं-टीं ओरडू लागला म्हणून दिवाणजींनी त्याचीही पिन काढली. सरांनी बायॉसमध्ये सेटिंग केलं, वीज आली की मशीन आपोआप चालू व्हावं. सकाळी गेटवे आपोआप उठला, कारण तो सर्व्हिस म्हणून चालतो. टॅली उठली नाही, कारण तिला माणूस लागतो. फ्लो विचारतोय, गेटवे हजर आहे, डेटाबेस उत्तरही देतोय, पण कालचं.

"दिवाणजी, रात्रीत काय जळतंय का?" सर कळवळून विचारतात.

"जळू नये म्हणूनच बंद करतो," दिवाणजी सांगतात. "समोर कापडाची दुकानं आहेत. शॉर्टसर्किट झालं तर तुमचा क्लाउड येणार आहे का बादली घेऊन?"

मला विचाराल तर दिवाणजींचं चुकत नाही. सरांचंही चुकत नाही. शेठचं चुकतं, पण बिल तेच भरतात.

शेवटी सरांनी डोकं चालवलं. दर पंधरा मिनिटांनी गेटवे जिवंत आहे का हे बघणारा एक छोटासा फ्लो त्यांनी क्लाउडमध्येच ठेवला. गेटवे गप्प झाला की थेट दिवाणजींच्या मोबाइलवर फोन, रेकॉर्ड केलेल्या बाईच्या आवाजात. पहिल्याच रात्री पावणेनऊला फोन वाजला. दिवाणजी जेवायला बसले होते. त्यांनी हात पुसून फोन उचलला.

"नमस्कार. आपल्या दुकानातील सर्व्हर बंद आहे."

"माहितीये ताई. मीच केलाय."

"संदेश पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा."

बाईमाणूस आहे, ऐकू गेलं नसेल, म्हणून दिवाणजींनी एक दाबला.

"नमस्कार. आपल्या दुकानातील सर्व्हर बंद आहे."

"अहो ताई," दिवाणजी जरा मोठ्याने म्हणाले, "मीच केलाय बंद. सकाळी नवाला चालू करतो. तुमचं जेवण झालं का?"